निम्मं तोंड

तोंड धुवायचा फेस विकणाऱ्या दुकानात तिला सगळे 'बेसिन' म्हणत. दर्शनी काचेमागे बेसिन बसवलेलं, आणि गिऱ्हाईक आलं की हिने फेसाने तोंड धुऊन दाखवायचं. दिवसभर तेच. सुरुवातीला चेहरा चकाकला, मग गालांची सालपटं निघायला लागली.

"पावडर थाप," मालक म्हणाला. "आणि असंच राहिलं तर दुसरी बघतो."

नोकरीच्या धास्तीने तिने उलटंच केलं. मळ राहतोय असं समजून ती घरीही तोच फेस लावून खरखरीत टॉवेलने गाल घासू लागली. मोठ्या जावेने टॉवेल हिसकावून घेतला.

"तोंड आहे का करपलेली कढई? कोमट पाणी घे, बोटं हलकी फिरव, मऊ फडक्याने टिप. सकाळ-संध्याकाळ, बास. आणि त्या फेसाला हात लावू नकोस."

"मग पोट काय कोमट पाण्यावर भरू, जाऊबाई?"

"तर निम्मं तोंड मालकाला दे, निम्मं तुझ्याकडे ठेव."

जाऊ थट्टेने बोलली. हिने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून काचेमागे फेस फक्त डाव्या गालाला, उजवा भिंतीकडे. मालकाला फेस दिसल्याशी मतलब. हळूहळू उजवा गाल निवळला. डावा तसाच, लालभडक, पावडरखाली आग आग होणारा.

एकदा एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीचं कपाळ पुटकुळ्यांनी भरलेलं. बाई बेसिनला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेली.

"बघ गं, किती नितळ गाल. हा याच फेसाचा ना?"

"मग कशाचा असणार?" मालक गल्ल्यावरून बोलला.

मुलीने बाटली उचललीही होती.

"हा साध्या पाण्याचा," बेसिनपाशी उभी ती म्हणाली आणि तोंड वळवून डाव्या गालावरची पावडर पुसली. "फेसाचा हा."

मुलीने बाटली खाली ठेवली. मायलेकी निघून गेल्या. मालक ओरडला नाही, नुसतं एप्रन काढून ठेव म्हणाला. ती चपला घालेपर्यंत तो फोनवर दुसरी ठरवत होता. असल्या दुकानांना गालांचा तुटवडा नसतो.

घरी जावेने न विचारताच ओळखलं.

"सांगून टाकलंस वाटतं."

"हं."

"बावळट. माझ्या थट्टेपायी हातची नोकरी घालवलीस." जावेने कोमट पाण्याचं पातेलं पुढे सरकवलं. "डावापण धू आता. घासू नकोस."