लोदोइ आजोबांची तीन वर्षांची घोडी

"हे ऐकून कुणाचाही विश्वास बसणार नाही," चहाची वाटी खाली ठेवत लोदोइ आजोबांनी जाहीर केलं. "माझा स्वतःचा अजून बसलेला नाही. पण घोडीचा बसलाय, आणि तिला खोटं बोलायची सवय नाही."

"झालं सुरू!" मटण भरलेल्या बूझचं वाफाळतं ताट घेऊन येता येता सूनबाई ओयुन म्हणाली. "बाबा, गरम आहेत तोवर खाऊन घ्या. घोडी काही पळून चालली नाही."

"तीच तर पळते ना, सूनबाई! तोच तर सगळा घोळ आहे."

उलानबातरमधल्या त्या सहाव्या मजल्यावरच्या घरात आज पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटी नात निंजिन चार वर्षांची झाली होती, आणि जन्मापासून वाढवलेल्या तिच्या केसांना आज पहिल्यांदा कात्री लागायची होती. निळा रेशमी पट्टा बांधलेली ती कात्री दुधाच्या वाडग्याशेजारी सज्ज होती. एकेका नातेवाइकानं एकेक बट कापायची, आशीर्वाद द्यायचा, भेट द्यायची. पण पहिली बट कोणी कापायची? लामांनी सांगितलं होतं, बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातल्या कुत्र्याच्या वर्षात जन्मलेल्या वडीलधाऱ्यानं. आता घरात कुत्र्याच्या वर्षातले निघाले दोन, आणि तेही एकमेकांचे व्याही.

दुसरे व्याही म्हणजे ओयुनचे वडील, दाशझेवेग. शहरात मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान, पोटावर ताणून बसलेला नवा रेशमी अंगरखा. त्यांनी भेट म्हणून घंटीवाली गुलाबी सायकल आणली होती. निंजिन सकाळपासून ती घंटी वाजवत होती, आणि दर टिंगटिंगला लोदोइ आजोबांच्या काळजात सुई टोचत होती. दोन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून घेत ते माळरानावरून आले होते, ते त्या एका बटेसाठी. निघताना आजूबाजूच्या यच्चयावत तंबूंत चहा पिऊन सांगून आले होते, की पहिली बट मीच कापणार. आता कोणत्या तोंडानं परत जायचं?

"निंजिनलाच ठरवू दे," असा तोडगा ओयुननं काढला होता. म्हणून तर घोडीची गोष्ट.

या घोडीबद्दल थोडं सांगायला हवं. घोड्यांचा कळप होता तेव्हा आजोबांना नातवंडं नव्हती. नातवंडं आली तोवर एका हिवाळ्यानं कळप नेला. उरली ती ही एक घोडी, आणि मग नुसत्या शेळ्यामेंढ्या. पण नातवंडाच्या पहिल्या कात्रीला घोडा दिला नाही, तर तो कसला आजोबा? नशीब, रीतच अशी, की दिलेलं जनावर देणाऱ्याच्याच कळपात चरत राहतं. थोरल्या सोलोंगोला त्यांनी ती घोडी दिली. पुढे तिच्या भावाला, तेमुलेनला, तीच दिली. सोलोंगो सुट्टीत गेली की तिच्यावर रपेट मारायची. तेमुलेन गेला की त्याची घोडी नेमकी डोंगरापलीकडं चरायला गेलेली असायची. आज दोघंही समोर बसून बूझ हाणत होते. तेव्हा तिसऱ्यांदा द्यायची तर घोडी नवीकोरी वाटायला हवी होती.

"तर निंजिन," आजोबांनी आवाज खाली आणला, "तुझी घोडी माझ्याबरोबरच निघाली होती बरं का. मी गाडीत, ती बाहेरून. वाटेत नदी लागली. ही अशी गेली, अशी गेली, की पाण्याला पत्ताच नाही! पलीकडे जाऊन ती चरायला लागली, तेव्हा कुठे मागे पाणी उडालं."

घंटी थांबली.

"मग गारा सुरू झाल्या. पण प्रत्येक गार तिच्या मागेच पडायची. शेवटी गाराच दमल्या बिचाऱ्या, वितळून बसल्या."

"व्याहीबुवा," तपकिरीची कुपी पुढे करत दाशझेवेग म्हणाले, "मग आहे कुठे ही घोडी? खाली तर मला मोटारीच दिसल्या."

"तेच तर दुःख आहे!" लोदोइंनी चिमूटभर तपकीर ओढली आणि सावकाश शिंकले. तेवढ्यात विचार करून झाला. "वेशीपर्यंत आली होती. तुमचा तो मोटारींचा खोळंबा बघितला आणि मला म्हणाली..."

"बोलली?"

"डोळ्यांनी हो. म्हणाली, लोदोइ, इथं नुसतं उभं राहायचं असेल तर मी घरीच उभी राहते. वळली तशीच. पोचलीसुद्धा. काल."

"काल?" तेमुलेनला ठसका लागला. "तुम्ही तर आज आलात!"

"वेगच तसा आहे तिचा."

सगळे हसले. दाशझेवेगही पोट धरून हसले. "आमची सायकल बोलत नाही हो, पण ठेवली तिथे सापडते."

"आणि वाढते का? पुढच्या वर्षी पोरीचे गुडघे हनुवटीला टेकतील, व्याहीबुवा."

निंजिन सायकलवरून उतरली. "ती घोडी माझ्या एकटीची?"

"तुझ्या एकटीची."

तिनं दोन्ही हातांनी कात्री उचलली आणि आजोबांच्या पुढ्यात येऊन मान खाली घातली. आजोबांनी कात्री हातात घेतली. कच्च! मऊ, काळीभोर बट निळ्या रेशमावर पडली. आजोबांनी नातीच्या कपाळाला दुधाचं बोट लावलं, दीर्घायुष्याचा आशीर्वाद पुटपुटला आणि व्याह्यांकडे असं पाहिलं, की दाशझेवेग सायकलचं सीट पुसायला लागले.

इथं आजोबांनी गप्प बसायला हवं होतं. पण रंगात आलेली जीभ कोणाचं ऐकते?

"आणि अजून अवघी तीन वर्षांची आहे हां! डाव्या कानाचं टोक तेवढं थंडीनं झडलंय. लांबूनही ओळखशील."

सोलोंगोच्या हातातला बूझ तोंडाशीच थांबला.

"आजोबा, डाव्या कानाचं टोक नसलेली तर माझी घोडी! आणि मी चार वर्षांची होते तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता मी कॉलेजात जाते. ती अजून तीनच?"

"वेगच तसा..." आजोबांनी सुरुवात केली.

"थांबा, थांबा," तेमुलेन उठून उभाच राहिला. "मग माझी कुठली? डोंगरापलीकडची?"

निंजिननं एकदा ताईकडे पाहिलं, एकदा दादाकडे. मग कपाळावरच्या रिकाम्या जागेवर हात फिरवला आणि निळ्या रेशमावरची ती बट उचलून आजोबांच्या पुढे धरली.

"आजोबा, माझे केस परत लावून द्या."