पाच वाघळं

शकुबाईनं हिरव्या दगडाच्या बाटलीचं बूच काढलं, अंगठ्याच्या नखावर चिमूटभर तपकीर टेकवली आणि दिराच्या तोंडासमोरच ओढली. अंगणभर शिजवलेली हळद वाळत पडली होती. हरिचंद आता नाक मुरडणार म्हणून ती थांबली. आज त्यानं मुरडलं नाही.

"वैनी, ही बाटली उद्या आमच्या मंजुषाच्या हळदीला पाहिजे."

"काहून? हिला तर तुमी उकिरड्यावर फेका म्हनत होते."

खरंच म्हणत होता. चिकूएवढी ती बाटली, शकुबाईच्या आज्याला हैदराबादेत कुण्या नवाबाघरी बक्षीस मिळालेली. अंगावर पाच वाघळं कोरलेली. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा विहिरीत पडून गेला आणि साऱ्या कुरुंदा गावाला कारण सापडलं: माहेराहून वाघळं आणली, दुसरं काय होणार! तेव्हापासून बाटली अपशकुनी आणि शकुबाईही. दरसाल खंडीभर हळद शिजवायची, वाळवायची ती तिनं. नवरीच्या गालाला लावायची वेळ आली की तिला मागच्या खोलीत जागा. याचा तिला संताप यायचा, अजूनही येतो. तपकिरीची सवय तिला मुळात नव्हतीच. बाटली रोज चारचौघांना दिसावी म्हणून तिनं ती सवय लावून घेतली.

"मंजुषानं बाटलीचा फोटो नांदेडला कॉलेजच्या सरांना दाखवला," हरिचंद म्हणाला. "चीनमधली हाय म्हने. तिकडं वाघूळ लई शुभ. पाच वाघळं म्हंजे पाच सुखं. लंबी उमर, पैसा, तब्येत, चांगली वागणूक अन् शेवटी सुखाचं मरण. हळदीच्या वक्ताला नवरीच्या हाती दिली तर बरं."

"अन् मी?"

हरिचंद वाळत्या हळदीकडं बघू लागला.

"तुमी बाटली तेवढी धाडा. लोकं बोलतेत, वैनी."

शकुबाईनं बूच घट्ट बसवलं. पस्तीस वर्षांची अपशकुनी वाघळं एका फोटोनं शुभ झाली होती. तिचा फोटो कुणी कुणाला दाखवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मांडवात बायकांचं गाणं मधेच थांबलं. शकुबाई घडीचं जांभळं इरकल नेसून मंजुषाच्या पाटाजवळ उभी होती. हरिचंद लगबगीनं आला आणि त्यानं हात पुढं केला.

"द्या वैनी, बाटली."

"घरी हाय."

"मंग तुमी काहून आल्या?"

शकुबाईनं हळदीच्या वाटीत बोटं बुडवली. बोटं आधीच पिवळी होती, नखांच्या कडांपर्यंत.

"हळद मी शिजवली, भाऊजी. वाघळांनी न्हाई."

तिनं मंजुषाच्या गालाला हळद लावली. मंजुषानं मान वळवली आणि दुसरा गाल पुढं केला.

"मोठी माय, हा राहिला."