तिसरी सही

आमच्या बाबांनी आयुष्यात एकच कागद असा लिहिला, की ज्यात ते स्वतःच अडकले.

ते कागदाच्या कारखान्यात दुरुस्तीचे फोरमन होते. लगदा ढवळायची टाकी साफ करायला माणसं आत उतरायची, तेव्हा बाहेरच्या मेन स्विचला प्रत्येकजण आपापलं कुलूप लावायचा आणि किल्ली खिशात घालून आत जायचा. सगळी कुलपं निघाल्याशिवाय टाकी सुरू होत नसे. आत चार माणसं असोत की चौदा, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. एकदा खुद्द मॅनेजर एक कुलूप कापायला निघाला, तर बाबांनी त्याच्या हातातला कटर हिसकावून घेतला आणि कुलूपवाला जेवून येईपर्यंत दोन तास टाकी बंद ठेवली. मीही त्याच कारखान्यात लागलो, त्यामुळे ही हकीकत मला घरी आणि कामावर अशी दोन्हीकडे ऐकावी लागली.

फुप्फुसं खराब झाल्यावर त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. दादा, ताई आणि मी धाकटा. कागद वाचून दाखवला. मला श्वासाच्या मशीनवर ठेवू नका. चुकून ठेवलंच, तर तिन्ही मुलांच्या सह्या झाल्याशिवाय काढू नका.

"तिघांच्या कशाला?" ताई म्हणाली. "एकाची पुरे की."

"एकाच्या गळ्यात नको," बाबा म्हणाले. "आणि एकाने घाई केली तर?"

माणूस वाचवण्यासाठी केलेली रीत त्यांनी स्वतःच्या मरणाला लावली. आमच्यापैकी कुणाच्याही टाळक्यात हे शिरलं नाही. आम्ही चहा घेतला आणि उठलो.

चार महिन्यांनी ते औषधाच्या दुकानात कोसळले. कागद घरी कपाटात होता. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्यांचं काम केलं. आम्ही पोचलो तेव्हा नळी घशात गेली होती.

डॉक्टर बाई दुसऱ्या दिवशी स्पष्ट बोलल्या. "फुप्फुसं आता सुधारणार नाहीत. नळी काढली तर काही तासांत जातील. धाप लागू नये म्हणून औषध देऊ. आज ते तुम्हाला ओळखतायत. पुढच्या आठवड्याचं मी सांगू शकत नाही." दादाने तिथेच सही केली. ताईने रडत रडत केली. मग दोघं माझ्याकडे बघत बसले.

मी सही केली नाही.

रोज मी नवं कारण काढलं. दुसऱ्या डॉक्टरांना विचारू. आज रंग बरा दिसतोय. खरं कारण सांगून टाकतो, आता कुणापासून लपवायचं? शेवटचं कुलूप काढणारा बटण दाबतो, अशी कारखान्यातली पद्धत. दादा-ताई आधी सह्या करून मोकळे झाले आणि बापाला मारायचं काम नेमकं माझ्या वाट्याला आलं, असं माझ्या डोक्यात बसलं. त्या दोघांचा मला मनस्वी राग आला होता. आणि भीती वाटत होती, रागापेक्षा जास्त.

"अरे, ते मान हलवून हो म्हणतायत," ताई म्हणाली.

"ते नाही, औषध मान हलवतंय."

हे तिला खोडता येईना, कारण डॉक्टर बाईंचंही तेच म्हणणं होतं. गुंगीत हलवलेली मान त्यांना चालत नव्हती आणि कागदावर तिघं होते. पाचव्या दिवसापासून दादा-ताईंनी तो विषयच काढला नाही. मला वाटलं, चला, पटलं एकदाचं यांना.

दुसऱ्या आठवड्यात जंतुसंसर्ग झाला, मग मूत्रपिंडं गेली. ते नळी ओढायला लागले म्हणून त्यांचे हात पट्टीने पलंगाला बांधले, पुढे ते ओढेनासे झाले तरी पट्ट्या तशाच राहिल्या. डोळे उघडणं थांबलं. टाचांना जखमा झाल्या. मी रोज जायचो, आकडे बघायचो आणि घरी येऊन पोटभर जेवायचो, हेही सांगायला हवं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी सिस्टर घशातला कफ ओढून काढत होत्या. बाबांचं अख्खं अंग ताठ झालं, तोंड वाकडं झालं आणि बंद डोळ्यांतून पाणी आलं. आवाज अजिबात नाही. नळी असली की आवाज निघत नाही.

"हे दिवसातून किती वेळा करता?" मी विचारलं.

"सात-आठ वेळा तरी करावं लागतं."

मी बाहेर जाऊन सही केली. त्यात शहाणपण वगैरे काही नव्हतं. मला ते पुन्हा बघायचं नव्हतं, एवढंच.

दुपारी नळी काढली. दादाने पट्ट्या सोडल्या. ताई त्यांच्या कानाशी बोलत राहिली, पण ऐकायला ते होते की नाही कोण जाणे. चाळीस मिनिटांत संपलं.

सिस्टरनी त्यांच्या वस्तू एका पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. चष्मा, कवळी, चपला आणि एक छोटी वही. पहिले काही दिवस बोलता येत नव्हतं म्हणून त्यांना ती लिहायला दिली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. अक्षर वेडंवाकडं होतं. पाणी. घसा. बस झालं. पुढच्या पानावर, कोण राहिलंय? त्याखाली ताईच्या अक्षरात, धाकटा. आणि त्याखाली पुन्हा बाबांचं, पान फाटेपर्यंत दाबून लिहिलेलं: त्याला काही म्हणू नका. मी थांबतो.

"मी वही तुला दाखवायला निघाले होते," ताई म्हणाली. "त्यांनी माझा हात धरून ठेवला."

पानाच्या कोपऱ्यात सिस्टरनी तारीख टाकली होती. चौथा दिवस होता तो.