हेमाच्या नावची मेणबत्ती

"मेलेल्या माणसाच्या नावानं मेसेज टाकायला लाज नाही वाटत?" फोनमधून बाई कडाडली. "आमची हेमा वारली, त्याला कितीतरी वर्षं झाली!"

वैदेही खातूनं फोन कानापासून लांब धरला. पालीच्या बाजारात खातूंचं किराणा दुकान. गिऱ्हाइकी ओसरली होती आणि नवरा चारुदत्त गल्ल्यावर बसून पेपर वाचत होता. त्यालाही ऐकू गेलं. "अगो, कोण मेलं?" त्यानं विचारलं.

"मीच मेल्येय म्हणे," वैदेही म्हणाली.

झालं होतं ते एवढंच. तिची भाची मनस्विनी मुंबईत आत्याच्याच जुन्या कॉलेजात शिकत होती, नन्सच्या. तिनं काल आत्याला आत्याच्याच जुन्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घालून दिलं. तिथे सगळ्या म्हाताऱ्या आपापली खबरबात देत होत्या. कोणी मस्कतला, कोणी प्रिन्सिपॉल होऊन रिटायर, कोणाचे दोन्ही गुडघे नवे. वैदेहीनंही हौसेनं लिहिलं, 'मी हेमा मलुष्टे. ओळखलंत का?' आणि इतका वेळ कलकलाट करणारा ग्रुप चिडीचूप झाला.

"ब्रिजेट ना तू? वसईची?" वैदेहीनं विचारलं.

"नाव कोणीही सांगेल. हॉस्टेलात इस्त्री उलटी ठेवून सुके बोंबील कोण भाजायचं, ते सांग."

"मी! आणि वास दबावा म्हणून तू उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा पेटवायचीस. मग सिस्टर ॲग्नेस दारात येऊन विचारायच्या, आज कुठल्या देवाचा सण?"

पलीकडे ब्रिजेट भोकाड पसरून रडायलाच लागली. रडता रडताच तिनं सांगितलं की खूप वर्षांपूर्वी पेपरात छोटी बातमी आली होती, हेमा मलुष्टे, रत्नागिरी, अल्प आजाराने निधन.

"अगं, ती माझी चुलतवहिनी," वैदेही म्हणाली. "लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं 'वैदेही', आणि मी झाले वैदेही खातू. पुढे चुलतभावाचं लग्न ठरलं. माहेरी हेमा नाव रिकामंच पडलं होतं, ते नव्या सुनेला दिलं. चिमाची हेमा झाली. गेली बिचारी लवकर."

"कमाल आहे बाई तुमची! आमच्यात बाप्तिस्म्याला मिळतं तेच नाव कबरीवरच्या क्रुसापर्यंत. सिस्टर ॲग्नेस दर नोव्हेंबरात, चर्चमधे मृतांसाठी प्रार्थना होते त्या मिस्सेला, तुझ्या नावची मेणबत्ती लावतात. नव्वदी उलटली, तरी चुकवत नाहीत."

वैदेही तांदळाच्या पोत्यावर बसली. एम.एस्सी.साठी सिस्टरनी तिची जागा धरून ठेवली होती, खोली ठेवली होती. गणपतीला म्हणून ती घरी आली आणि दिवाळीनंतर बोहल्यावर उभी राहिली. सिस्टरना कळवायचं कुठल्या तोंडानं? नाहीच कळवलं. आई गेल्यापासून तिला हेमा म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. आणि तिकडे एक म्हातारी दर वर्षी तिचं नाव घेत होती.

"मला त्यांच्याशी बोलायचंय, ब्रिजेट," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडून एकदा हेमा म्हणून हाक ऐकायचीय गो मला."

रविवारी ब्रिजेट, सिस्टर राहत होत्या त्या म्हाताऱ्या नन्सच्या आश्रमात गेली. इकडे वैदेही माडीवर ठेवणीतली साडी नेसून बसलेली. "मेलेल्या माणसानं एवढं नटायचं?" म्हणून चारुदत्तानं चिडवलंही. तेवढ्यात फोनच्या पडद्यावर सिस्टर दिसल्या. चेहरा मुठीएवढा झालेला, पण डोळे तेच.

"सिस्टर, बघा कोण! आपली हेमा!" ब्रिजेट ओरडली.

सिस्टरनी मान हलवली. "हेमा देवाघरी गेली. असं खोटं नाही बोलायचं."

"सिस्टर, मीच हेमा. जिवंत आहे मी. तुमच्या प्रयोगशाळेत—"

"नाही!" सिस्टरच्या हातातली मण्यांची माळ गळून मांडीवर पडली. "रोज प्रार्थना करते मी तिच्यासाठी. रोज! तू कोण तिचं नाव घेणारी?"

ब्रिजेट समजूत घालत होती आणि म्हातारी आणखीच बावरत होती. 

"ब्रिजेट, राहू दे," ती म्हणाली. मग पदर सारखा करून हळू बोलली, "चुकलं माझं, सिस्टर. मी वैदेही खातू. पालीला असते. हेमाला ओळखत होते मी."

म्हातारीचा चेहरा निवळला. "ओळखत होतीस? फार हुशार मुलगी. बेडूक कापताना बाकीच्या किंचाळायच्या, ही गाणं म्हणायची. मी वाट बघितली तिची. मग ती गेल्याचंच कळलं." सिस्टर पडद्याजवळ आल्या. "एक सांग मला. जाण्याआधी ती सुखात होती?"

वैदेहीनं वर पाहिलं. चारुदत्त दारात उभा होता, हातात चहाचे कप घेऊन. चिडवायचं विसरून तोही उत्तराची वाट बघत होता. सबंध संसारात त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

"पहिली काही वर्षं नव्हती, सिस्टर," ती म्हणाली. "फार रडायची, न्हाणीघरात, कोणाला कळू न देता. तुमची जागा फुकट घालवली म्हणून स्वतःला बोल लावायची. मग मुलगा झाला, दुकान अंगावर पडलं, आणि माणूसही वाईट नव्हता. हळूहळू लागला तिचा जीव. शेवटी बरी होती."

"बरं झालं," सिस्टर म्हणाल्या. "तेवढीच काळजी होती मला."

खाली गिऱ्हाईक "खातूशेठ, ओ खातूशेठ" करून हाका मारत होतं. चारुदत्तानं ओ दिली नाही. कप तिथेच ठेवून तो जिन्याच्या पायरीवर बसून राहिला.