तिरपूची नवी चित्रं

"जयामॅडमशी तुम्हीच बोलाल ना?" मुकुलने विचारलं.

"हो, बोलते मी," शुभा म्हणाली.

अंधेरीतल्या मुकुलच्या प्रकाशनाच्या ऑफिसातून ती खाली उतरली, तेव्हा आपण कशाला हो म्हणून आलो, हे तिला नीटसं उमगलंही नव्हतं. मुकुलचं म्हणणं साधं होतं. तिरपू खेकड्याला पंचवीस वर्षं होतायत, नव्या गोष्टीचं पुस्तक झकास निघायला हवं, आणि जयामॅडमचा हात आता चालत नाही. कृणाल नावाचा एक मुलगा आहे, कॉम्प्युटरवर फार सुंदर काढतो. शुभाने कृणालची दोन चित्रं पाहिली आणि "छान आहेत" म्हणाली. खरोखरच छान होती ती.

शुभा आणि जया घाटकोपरच्या एका शाळेत बरोबर शिकवायच्या. शुभाकडे मराठी, जयाकडे चित्रकला. एका लांबलेल्या मीटिंगमध्ये जयाने हातातल्या सूचनापत्राच्या मागे एक खेकडा काढला. सगळे सरळ चालतात आणि आपणच तिरपे, म्हणून कावलेला. शुभाला हसू आवरेना. त्या रात्री मुलुंडच्या घरी बसून तिने त्याची गोष्ट लिहिली आणि त्याचं नाव ठेवलं तिरपू. मग पुस्तकांमागून पुस्तकं आली. मुलं तिरपूचे मुखवटे घालून स्नेहसंमेलनात नाचायला लागली. शुभाने नोकरी सोडली, तिला भाषणांची बोलावणी येऊ लागली, पुरस्कार मिळाले. कव्हरवर तिचं नाव ठळक असायचं, जयाचं आतल्या पानावर, मुद्रकाच्या नावाच्या जरा वर. जया कधी काही बोलली नाही. तिला त्याचं काही वाटत नसावं, असं शुभाने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

मुकुलला हो म्हटल्यानंतरच्या रविवारी ती वेसाव्याला गेली ती सांगून टाकायचंच म्हणून. जयाचं घर कोळीवाड्यात, भावाच्या घराच्या वरच्या मजल्यावर. तिची वहिनी मासळी बाजारात बसायची, ती अजून यायची होती. जयाने स्वतःच दार उघडलं. उजवा हात पदरात धरला होता, तरी पदर हलत होता.

"बरं झालं आलीस. बघ, मी सुरुवात केली."

टेबलावर तिरपू होता. नवी गोष्ट शुभाने तिला फोनवर वाचून दाखवली होती, त्यातला पहिला प्रसंग. रेघा थरथरलेल्या. एक नांगी दोनदा काढलेली, खोडलेली, पुन्हा काढलेली. जया म्हणाली, "सकाळची गोळी घेतली की तासभर हात ऐकतो. डाव्या हाताने मनगट दाबून धरते मी. वेळ लागेल गं, पण होईल."

शुभाने चित्र हातात घेतलं. आता सांग, आता, असं मनाशी म्हणत तिने ते खाली ठेवलं आणि म्हणाली, "मस्त झालंय."

जया लहान मुलीसारखी खूश झाली. तिने वहिनीच्या हातची तळलेली सुरमई वाढली, आणि शुभाने ती खाल्ली.

परतताना मेट्रोत मुकुलचा फोन आला. "बोललात का?"

"बोलले." शुभा खिडकीतून बाहेर बघत होती. "तिची काही हरकत नाही."

ही थाप आपल्या तोंडून किती सहज गेली, याचंच तिला नंतर नवल वाटत राहिलं. घरी आल्यावर तिने स्वतःची हरतऱ्हेने समजूत घातली. जयाला त्रास नको. तिने आधीच खूप सोसलंय. पुस्तक आलं की हळूच सांगू, तोवर तिचाही हात थकेल आणि तीच म्हणेल, नको गं आता. जयाचा हात थकावा अशी आपण वाट बघतोय, हे लक्षात आलं तेव्हा ती हातातली भाजी तशीच टाकून उठली. पण फोन काही तिने केला नाही. जयाचा आला की "कसं चाललंय?" विचारायची, आणि जया सांगायची, "दुसरं चित्र जमलं."

मग एका दुपारी मुकुलने फेसबुकवर नवं कव्हर टाकलं. शुभाच्या जुन्या विद्यार्थ्यांचे मेसेज धडाधड यायला लागले. हेच मेसेज जयालाही जाणार. शुभाने पायांत चपला सरकवल्या आणि रिक्षा पकडली.

जया खिडकीशी बसली होती. तिचा फोन कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला होता. तिने अजून काही पाहिलं नव्हतं.

"अगं, आज अचानक?"

शुभा उभीच राहिली. "जया, नव्या पुस्तकाची चित्रं दुसऱ्या कोणीतरी काढलीयत. मला दोन महिने माहीत आहे."

जयाला क्षणभर कळलंच नाही. मग तिने हात पुढे केला. "दाखव."

शुभाने आपला फोन दिला. तो जयाच्या हातात हलायला लागला, तेव्हा तिने तो मांडीवर ठेवला आणि वाकून पाहिलं. बराच वेळ.

"हा दात दाखवून हसतोय," ती म्हणाली. "तिरपू तोंडाने हसत नाही गं. इतकी वर्षं मी त्याला नुसतं डोळ्यांनी हसवलं." मग तिने मान वर केली. "मला विचारलं का नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"खोटं नको बोलूस. मला वाईट वाटलेलं तुला बघायला लागलं असतं, म्हणून नाही विचारलंस. आणि मुकुल? तो मला न विचारता असं करणार नाही. त्याचे वडील प्रकाशन बघायचे तेव्हा मी त्याला कडेवर घेतलंय."

हे सांगितल्यावाचून सुटका नव्हती. "मी त्याला सांगितलं, तुझी हरकत नाही म्हणून."

जयाने फोन परत दिला. मग ती टेबलावरची चार चित्रं एकावर एक ठेवायचा प्रयत्न करत राहिली. ती नीट जुळेनात. शुभा मदतीला पुढे झाली, तशी म्हणाली, "राहू दे. तू जा आता."

कोळीवाड्याच्या तोंडाशी उभं राहून शुभाने मुकुलला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, मला वाटलं नव्हतं तुमच्याकडून." त्याने कव्हर काढून टाकलं आणि छपाई थांबवली. दुसऱ्या दिवशी कृणाल आपणहून वेसाव्याला गेला. त्याला कोणी पाठवलं नव्हतं. जयाने त्याला घरात घेतलं, चहा दिला, आणि त्याचा तिरपू पहिल्यापासून काढायला लावला. मुकुलला तिने निरोप धाडला: कव्हरवर तिघांची नावं, एकाच आकारात. नाहीतर तिरपू कोणालाच मिळणार नाही.

शुभाने तिला बरेच मेसेज केले. उत्तर आलं ते महिन्याभराने, कामाचं. मजकूर आणि चित्रं एकत्र बसवायचीयत, शनिवारी यावं.

शनिवारी दार जयानेच उघडलं. "या," ती म्हणाली. "बसा. आमचं आत चाललंय."

शुभाला वाटलं, मागे आणखी कोणी आलंय. मागे कोणी नव्हतं.

ती बाहेरच्या खोलीत बसली. आतून कृणालचं "असं?" आणि जयाचं "वेडा आहेस का रे, डोळे वर, अजून वर" ऐकू येत होतं. मग दोघंही खळखळून हसली. असं हसताना शुभाने जयाला कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. उठून दारापर्यंत जावं असं तिला वाटलं, पण ती गेली नाही.

बऱ्याच वेळाने जया दारात आली. "शुभाताई, तिसऱ्या पानावरचा मजकूर जरा कमी कराल? चित्राला जागा पुरत नाहीये."

आजवर जागा कमी पडली की चित्र लहान व्हायचं. शुभाने पेन काढलं आणि अख्खा परिच्छेदच खोडून कागद पुढे केला. जयाने तो वाचला.

"एवढं नको होतं," ती म्हणाली. "दोन ओळी म्हटलं होतं मी. पुन्हा लिहा."

ती आत गेली. शुभाने कागद मांडीवर घेतला आणि लिहायला लागली.