फोटोतली मनस्वी

धसईच्या बाजारात भाजी विकून गिरजा घरी आली, तर नवरा कोंडू पडवीत मान खाली घालून बसलेला. त्याने मोबाइल पुढे केला. गावाच्या ग्रुपवर त्यांच्या मनस्वीचा फोटो फिरत होता. अंगावर कपडा नव्हता.

गिरजा मोबाइल घेऊन घरात धावली. आत मनस्वी भिंतीला टेकून बसली होती. वीस वर्षांची पोर, मुरबाडला कॉलेजात जाणारी.

"आई, तोंड माझं हाय, बाकी मी नाय. साधा फोटो दिला की मोबाइलच असलं बनवून देतो. एआय म्हनतात त्याला."

गिरजाने मन घट्ट करून पुन्हा पाहिलं. फोटोतला खांदा गुळगुळीत होता. मनस्वी लहान असताना तिच्या खांद्यावर उकळतं पाणी सांडलं होतं, त्याचा डाग अजून होता. गिरजाच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी आटगावहून सुनिल आला. त्याच्या भाच्याशी मनस्वीचं लग्न ठरलं होतं. गिरजाने त्याला डागाचं सांगितलं.

"मग आमच्या बायकांना एकदा बघू दे," तो म्हणाला. "विषय मिटला."

कोंडूने सुटल्यासारखी मान हलवली. तेवढ्यात मनस्वी दारात आली.

"फोटोत मी नाय, हे पटवायला आता खरोखरच कपडे काढू?"

तिचा आवाज चढला नव्हता. गिरजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डागाची गोष्ट तिनेच काढली होती, पोरीला न विचारता.

"भाऊ, चहा घ्या," ती म्हणाली. "माझी पोर कोनाला दाखवायची नाय."

चहा तसाच ठेवून सुनिल उठला. संध्याकाळी लग्न मोडल्याचा फोन आला.

"एवढं ताठ राहून काय मिळवलंस?" कोंडूने विचारलं.

"उद्या दुसरा फोटो येल. त्यात डागपन काढतील. तवा काय दाखवनार हाव आपन?"



मायलेकींनी मुरबाडला जाऊन पोलिसांत तक्रार दिली. फोटो कोणी बनवला ते अजून कळलेलं नाही.

मनस्वी पुन्हा कॉलेजला निघाली, तेव्हा कोंडूने गुपचूप चपला घातल्या. स्टँडवर माणसं वळून बघत होती. तो तिच्या शेजारी उभा राहिला. बस आल्यावर ती चढली, खिडकीशी बसली.

"सांजच्याला घ्यायला येतो गो," तो म्हणाला.

गिरजाने हे लांबून पाहिलं आणि भाजीची टोपली डोक्यावर घेतली.