सुचेताताईंच्या वहीचा डावा रकाना

मित्रांनो, मी कर्जतमधल्या एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयातला जुना संगणक आहे. खिडकीजवळ हजेरीपटांचे कपाट आहे. त्याला टेकून एक लहान टेबल आहे आणि त्या टेबलावर मी असतो. माझी हकिकत सांगण्याआधी एक गोष्ट कबूल करतो. मला फार हेवा वाटतो. शेजारच्या मोठ्या टेबलावरच्या नव्या संगणकाकडे पाहिले की अजूनही माझ्या पोटात दुखते.

ते मोठे टेबल पंधरा वर्षे माझे होते.

मी खोक्यातून बाहेर आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. आता माझा रंग चहा सांडून वाळल्यासारखा झाला आहे. शाळेच्या लिपिक सुचेताताई पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर बसल्या. दाखले, परिपत्रके, परीक्षेची वेळापत्रके, स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिका असे सगळे त्यांनी माझ्यावर केले. माझ्या पडद्यावर सर्वांत वर एक ओळ असायची: फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट. एकेका शब्दाखाली कामांची यादी उघडायची. कोणते काम कितव्या ओळीवर आहे हे ताईंच्या बोटांना पाठ होते. पुष्कळदा त्या दारातल्या पालकांशी बोलत असायच्या आणि त्यांचा हात इकडे दाखल्याचे पान आडवे करून मोकळा व्हायचा. माझ्या कळफलकावरची अंतर सोडण्याची लांब पट्टी त्यांच्या डाव्या अंगठ्याने एका जागी गुळगुळीत झाली आहे. ती जागा मला दागिन्यासारखी वाटते.

तपासणीला येणारे साहेब म्हणायचे, "या शाळेचे कागद बघावेत, इतके नीटनेटके." ताई हसायच्या. ती स्तुती माझी, असे मी धरून चालायचो.

पुढे मी थकलो. शिक्षण खात्याच्या माहितीचे ऑनलाइन तक्ते माझ्यावर उघडेनात. मी सुरू होईपर्यंत ताईंचा चहा निवून जायचा. मग जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, नेरळच्या दुकानातून केयूर नावाचा माणूस एक काळा, चपटा संगणक घेऊन आला. त्याने माझ्या वायरी काढल्या. मला उचलून लहान टेबलावर ठेवले आणि माझ्यावर प्लास्टिकचे कव्हर घातले. मोठ्या टेबलावर तो नवा बसला.

मुख्याध्यापक अनुपम सर त्या दिवशी ताईंना म्हणाले, "ताई, आता जुन्यावर जायचं नाही. एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवला तर नवा कधीच शिकून होणार नाही."

"बरं सर," ताई म्हणाल्या.

नव्याकडे लिहिण्याचा प्रोग्राम त्याच नावाचा होता, पण त्याचे रूप पार बदलले होते. माझ्यासारखी शब्दांची साधी ओळ त्याच्याकडे नव्हती. वर एक रुंद पट्टी होती आणि तिच्यावर बारीक बारीक चित्रे दाटीवाटीने बसली होती. पान आडवे करायची सोय दुसऱ्याच नावाखाली गेली होती. छापण्याचा हुकूम द्यायला गेले की सगळे पान नाहीसे होऊन निळा पडदा यायचा, आणि आपले लिहिलेले पुसले की काय म्हणून ताई दचकायच्या. पूर्वी दोन मिनिटांत होणारा दाखला आता अर्धा तास घेऊ लागला. ताई चष्मा काढून डोळे चोळायच्या आणि पुटपुटायच्या, "इथेच तर होतं. कुठे नेऊन ठेवलं कोण जाणे."

मित्रांनो, खरे सांगायचे तर मला गंमत वाटायची. त्या अडखळल्या की मी कव्हरखाली सुखावायचो. मला सोडलेत ना, आता बघा, असे मनात म्हणायचो. नव्याची एकही चूक माझ्या नजरेतून सुटत नव्हती.

जुलैतल्या एका शुक्रवारी दुपारी कोंडाणे गावच्या सोनुबाई कार्यालयात आल्या. वय सत्तरीच्या आसपास, नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद.

"बाय, नातीचा दाखला पायजे," त्या म्हणाल्या. "पत्र्यातून पानी गलून पेटी भिजली. दाखल्याचा लगदा झालाय. हर्षलाला नर्सिंगला जागा मिलालीय अलिबागला. उद्या पाचच्या आत कागद नाय दिलं तर जागा दुसऱ्याला देनार हायेत."

"ती स्वतः नाही आली, मावशी?"

"खोपोलीला कंपनीत हाय, पहिल्या पालीला. खाडा केला तर कामावरून काढतील. तिनं हे सगलं सही करून दिलंय."

अर्ज होता, प्रतिज्ञापत्र होते, सगळे नियमाप्रमाणे होते. ताईंनी जुने रजिस्टर काढले, हर्षलाचे नाव शोधले आणि नव्या संगणकावर दुय्यम दाखला लिहायला घेतला. बारा वाजले होते. अनुपम सर दोन वाजता बैठकीला निघणार होते, म्हणजे त्याआधी सही व्हायला हवी होती.

मजकूर झाला. पान आडवे करायला ताईंनी वरच्या एका नावावर टिचकी मारली. काही झाले नाही असे वाटून पुन्हा मारली. त्याबरोबर वरची सगळी पट्टीच नाहीशी झाली. चित्रे नाहीत, काही नाही. ताईंनी दुसरीकडे टिचकी मारली, पट्टी आली आणि हात हलवताच पुन्हा गेली. त्यांनी केयूरला फोन लावला. तो उचलेना. तशातच छापायचा प्रयत्न केला तर दाखला उभ्या कागदावर अर्धा आला. शाळेचे नाव आले, हर्षलाचे आडनाव कापले गेले. असे चार कागद वाया गेले.

दोन वाजून पाच मिनिटांनी सर छत्री घेऊन दारात आले. "ताई, झाला?"

"नाही सर."

सरांनी घड्याळ पाहिले. "मी आता थांबू शकत नाही. उद्या सकाळी आल्या आल्या सही करतो."

सोनुबाई बाकावर तशाच बसून राहिल्या. त्यांना पट्टीचे काही कळत नव्हते. एवढेच कळत होते की कागद होत नाहीये. चार वाजता त्या उठल्या.

"मंग मी जाते बाय. साडेचारची येष्टी निंगून जाईल. तिला काय सांगू?"

सोनुबाई पिशवी पोटाशी धरून पायऱ्या उतरल्या, आणि इतका वेळ मजेत बसलेल्या माझी मजा तिथे संपली. नव्याची फजिती व्हावी ही माझी इच्छा पुरी झाली होती. पण पायऱ्या उतरून गेली ती एक म्हातारी बाई. नवा आपला जागच्या जागी चमकत होता. त्याचे काय बिघडले होते?

ताईंनी अर्जावरचा नंबर पाहून हर्षलाला फोन केला. "हर्षला, उद्या सकाळी नऊला शाळेत ये. एक दिवसाची रजा टाक. दाखला तयार असेल."

तो कसा तयार होणार हे त्यांना तरी कुठे ठाऊक होते?

शनिवारी सकाळी साडेसहालाच त्यांनी कार्यालयाचे कुलूप उघडले. पदर खोचला आणि माझ्यावरचे कव्हर ओढून काढले. नव्याच्या वायरी सोडवून त्यांनी मला जोडल्या. प्रिंटरची वायर माझ्यापर्यंत पुरेना, तेव्हा त्यांनी मला टेबलासकट ओढले. मग बटण दाबून त्या थांबल्या. मीही घाबरलो होतो. दीड महिन्यात माझ्या पोटातला पंखा एकदाही फिरला नव्हता. तो आधी कुरकुरला, मग घरघरला, आणि पडदा उजळला.

वर माझी ओळ दिसली. फाइल, एडिट, व्ह्यू. ताईंनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. त्यांची बोटे धावली. पान आडवे झाले, समास बसले, दाखला छापून आला. माझ्या अभिमानाला सीमा राहिली नाही.

मग ताईंनी तो कागद डोळ्यांजवळ नेला. त्यावर तारीख होती एक जानेवारी दोन हजार नऊ. माझ्या आतला घड्याळाचा सेल केव्हाच मेला होता आणि मला दिवस कळत नव्हता. हर्षला त्या तारखेला बालवाडीतसुद्धा नसेल. ताईंनी तो कागद फाडला, तारीख हाताने घातली आणि दुसरा दाखला काढला. मला मान वर करवेना.

साडेसातला सरांची सही आणि शिक्का झाला. "कशावर काढलात?" सरांनी विचारले.

"जुन्यावर," ताई म्हणाल्या. नऊला धापा टाकत हर्षला आली, दाखला छातीशी धरून साडेनऊच्या एसटीला पळाली. पावणेदोनला तिचा फोन आला की कागद जमा झाले.

सोमवारपासून ताई मधल्या सुट्टीत रोज माझ्यासमोर बसू लागल्या. डबा बाजूला सरकवायच्या, मला सुरू करायच्या आणि एकेक शब्द उघडून त्याखालची यादी वाचायच्या. माझे दिवस परत आले असे मला वाटले. मी नव्याकडे तिरक्या नजरेने पाहिले. चार दिवस मी हवेत होतो.

पाचव्या दिवशी अनुपम सर आत आले. ताईंच्या मांडीवर शंभरपानी वही होती. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारले.

"नकाशा करतेय, सर. डाव्या रकान्यात जुन्यावर कुठे काय होतं ते. उजव्या रकान्यात नव्यावर ते कुठे गेलं ते. मला रस्ता पाठ आहे, पण गावच हललंय. मग जुन्या गावावरूनच शोधलं पाहिजे ना."

म्हणजे त्या माझ्याकडे परत आल्या नव्हत्या. मला सोडून जाता यावे म्हणून माझ्याकडून पत्ते लिहून घेत होत्या. मित्रांनो, त्या दिवशी मला नव्यापेक्षाही त्या वहीचा हेवा वाटला. ती त्यांच्या मांडीवर होती.

सर खुर्ची ओढून बसले. "मी तुम्हाला घाई केली, ताई. आधी विचारायला हवं होतं."

"टाइपरायटर गेला तेव्हाही मी रडले होते," ताई म्हणाल्या. "हा आला तेव्हा याला आठ दिवस शिव्या घालत होते. याच्यावर खोडायचं कसं तेच सापडत नव्हतं."

त्या मोठ्या टेबलावर माझ्याआधी कोण होते हे मी पंधरा वर्षांत कधी मनात आणले नव्हते. तो टाइपरायटर कुठे गेला, त्याच्यावर कोणी कव्हर घातले का, मला माहीत नाही.

वही ऑगस्टअखेर पुरी झाली. ताईंचा हात नव्यावर हळूहळू बसला. सप्टेंबरात एका सकाळी नव्याने आपोआप स्वतःला सुधारून घेतले आणि वहीतली सात ठिकाणे पुन्हा हलली. ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पेन्सिलीने लिहायला हवं होतं मी." पण या वेळी त्या घाबरल्या नाहीत. सात ओळी खोडून त्यांनी नव्या लिहिल्या. नवा मात्र ओशाळल्यासारखा दिसत होता. आपले रूप कोणी, का बदलले हे त्यालाही ठाऊक नसावे. त्या दिवशी मी त्याचा थोडा कमी हेवा केला.

दिवाळीच्या सुट्टीआधी लोधिवलीकडच्या एका शाळेतले लिपिक विष्णूभाऊ आले. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली, पण नव्या प्रोग्रामला कंटाळून आधीच राजीनामा द्यावा असे म्हणत होते. ताईंनी त्यांच्यासमोर वही ठेवली. ते उजवा रकाना बघेनातच. डाव्या रकान्यावरून बोट फिरवत एकेक ओळ वाचू लागले. "हे माहितीय. हे पण माहितीय. हे तर मी झोपेत करीन." पान उलटता उलटता त्यांचा चेहरा सैल होत गेला. मग बोट तिथेच ठेवून त्यांनी नजर उजवीकडे नेली. "अच्छा, इथे गेलंय होय."

त्यांनी सगळ्या वहीची झेरॉक्स काढून घेतली. राजीनाम्याचे पुन्हा बोलले नाहीत.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन उद्या अशी यंत्रे आणि त्यांची रूपे बनवाल. जरूर बनवा. मी थकलो होतो, नवा यायलाच हवा होता. पण एखादी वस्तू तिच्या जागेवरून हलवाल, तेव्हा ती जागा कोणाच्या बोटांना पाठ आहे हे आधी विचारा. आणि तुमच्या घरी कोणी नव्या पडद्यासमोर अडखळले तर हसू नका. शेजारी बसा आणि त्यांना जुने काय येते तिथून सुरुवात करा. मी हसलो होतो, म्हणून सांगतो.

त्या वहीच्या प्रत्येक पानावर डावीकडे मी आहे. उजवीकडे तो आहे, आणि त्याचा हेवा मला अजून वाटतो.